बैलगाडा घाटावरील प्रेक्षकांना उन्हापासून कसे सांभाळावे: यात्रा समितीत नव्याने आलेल्यांसाठी

पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांत चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत घाट, म्हणजे गाडे पळतात ती चढाची धावपट्टी, सांभाळणारी जुनी माणसे थकली, आणि आज समितीत जी पंचविशी-तिशीतील मंडळी आहेत त्यांच्यापैकी पुष्कळांनी एवढी गर्दी पूर्वी कधी हाताळलेली नाही. अशाच एखाद्याला पहिल्या बैठकीत "पाण्याचं तू बघ" असे सांगून विषय संपवला जातो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

शर्यतीची परवानगी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या चौकटीत मिळते, त्यामुळे तिच्या अटी मुख्यतः बैलांच्या असतात आणि त्या तशाच असाव्यात. गाडामालकही बैलाला बारीच्या, म्हणजे घाटातल्या एका धावेच्या, आधी सावलीत बांधतो, अंगावर ओले पोते टाकतो, वेळेवर पाणी दाखवतो. घाटाच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या माणसांसाठी मात्र अशी कोणाचीच नेमणूक नसते. शिवाय या खेळाची घडणच अशी आहे की बारी बारा-चौदा सेकंदांत संपते आणि दिवस सात-आठ तासांचा असतो. बाकीचा सगळा वेळ म्हणजे पुढच्या बारीची वाट पाहत उन्हात उभे राहणे.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. चांगली जागा मिळालेला प्रेक्षक पाण्यासाठी ती जागा सोडत नाही. सकाळी आठला येऊन त्याने दरडीवर जागा धरलेली असते, पाण्याची टाकी खाली देवळाजवळ असते आणि एकदा उठले की जागा गेली हे त्याला ठाऊक असते. टाकी भरलेली राहते आणि माणूस कोरडा राहतो. पुढे जे काही सांगितले आहे ते पाणी आणि सावली त्या माणसापर्यंत कशी न्यावी यासंबंधी आहे.

पंधरा दिवस आधी: घाट दुपारी दोन वाजता पाहावा

समितीची घाटपाहणी बहुधा सकाळी किंवा सायंकाळी होते, कारण तेव्हा सर्वांना सवड असते. आपण मात्र दुपारी दोन वाजता जावे आणि घाटाच्या खालच्या टोकापासून निशाणापर्यंत, म्हणजे बारी संपते तिथल्या झेंड्यापर्यंत, दोन्ही कडांनी चालत यावे. ऊन कोणत्या अंगाला येते, झाडाची सावली किती वाजता कुठे सरकते, वारा कुठे अडतो आणि उघडा कातळ कुठे तापतो, हे एका फेरीत कळते. पश्चिमेकडे तोंड असलेली दरड तीननंतर अक्षरशः तव्यासारखी होते, आणि शेवटच्या चुरशीच्या बाऱ्यांच्या वेळी गर्दी नेमकी तिथेच बसलेली असते. वहीत एक साधा नकाशा काढावा आणि त्यावर गर्दीच्या, सावलीच्या, टाकीच्या व वाटेच्या खुणा कराव्यात. हा नकाशा शेवटपर्यंत उपयोगी पडतो.

त्याच फेरीत माणसांचा अंदाज बांधावा. मागच्या वर्षी किती वाहने लागली, किती बैलगाड्यांना शर्यतीचे टोकन दिले गेले, अंतिम फेरीचा दिवस सुटीचा होता का, हे जुन्या मंडळींना विचारावे. नेमका आकडा मिळणार नाही, पण तीन हजार की आठ हजार हे तरी ठरते.

हवामानाचा अंदाज पाच दिवस आधीपासून रोज पाहावा. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले, तर उष्णतेची लाट धरली जाते. किनारपट्टीवर ही मर्यादा ३७ अंशांची आहे. अलिबाग-मुरूडच्या बाजूला समुद्रकिनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, तिथल्या मंडळींनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात ऊन लागून १४ जणांचा जीव गेला, तेव्हा जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान सुमारे ३८ अंश होते. पारा चाळीस ओलांडेपर्यंत चिंता नाही, ही समजूत म्हणूनच मनातून काढून टाकावी.

आणखी एक बारकावा असा, की खात्याचे तापमान सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजलेले असते. मोबाइलवर ३९ दिसत असेल तर ते सावलीतले ३९ असतात, आणि कातळावर डोके उघडे टाकून बसलेल्या माणसाला सोसावा लागणारा ताप त्याहून बराच अधिक असतो.

नारिंगी इशारा आला तर समितीपुढे स्पष्ट प्रस्ताव ठेवावा: बाऱ्या सकाळी लवकर सुरू कराव्यात, बारा ते साडेतीन घाट थांबवावा आणि राहिलेल्या बाऱ्या नंतर घ्याव्यात. गाडामालकांना आधी कळवले तर ते समजून घेतात, कारण त्या वेळी बैलालाही पळवणे योग्य नसते. लाल इशारा असेल तर दिवस पुढे ढकलण्याची मागणी करावी आणि ती बैठकीच्या वहीत नोंदवून घ्यावी.

पाण्याचा हिशेब

उन्हात बसलेल्या मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरावे. सकाळी दहा ते दुपारी चार असे सहा तास धरले तर माणशी तीन लिटर होतात आणि तीन हजार माणसांसाठी नऊ हजार लिटर. त्यात अंगावर ओतायला, तोंड धुवायला आणि सांडायला आणखी तीन हजार मिळवावेत. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर पुरत नाही. पहिला अर्धा रिकामा होण्याच्या आत दुसरा घाटावर पोहोचलेला असावा. बैलांचे पाणी आणि धुळीवर मारायचे पाणी यांचा टँकर पूर्णपणे वेगळा ठेवावा व त्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे.

आता नळांचा हिशेब, जो जवळजवळ कोणीच करीत नाही. एका माणसाला नळाशी येऊन पेला भरून बाजूला व्हायला अर्धा मिनिट लागते, म्हणजे एका नळावर तासाला १२० पेले भरतात. तीन हजार माणसांनी तासाला दोनदा पाणी प्यायचे ठरवले तर सहा हजार पेले झाले, आणि त्यासाठी पन्नास नळ लागतील. आपल्याकडे टाकीला चार तोट्या असतात. रांग का लागते आणि माणसे न पिताच का परततात, याचे उत्तर या गणितात आहे.

टँकरचे पाणी विहिरीचे असो वा बोअरचे, ते शुद्ध करून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला दोन दिवस आधी भेटून टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) किती टाकायचे ते त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे, टाकल्यानंतर अर्धा तास थांबावे आणि ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहण्याच्या चाचणीत, पिवळा रंग आल्याखेरीज वाटप सुरू करू नये. यात्रेनंतरच्या आठवड्यात गावात जुलाबाची साथ यावी, असे पाणी वाटण्यात काही अर्थ नाही. टाक्या सावलीत ठेवाव्यात आणि त्यांना ओले गोणपाट गुंडाळावे. काळ्या टाकीतले पाणी अकरा वाजेपर्यंत चहासारखे गरम होते आणि मग ते कोणी पीत नाही. कोणाच्या घरी मोठे रांजण असतील तर मागून आणावेत.

पाणी माणसाकडे न्यावे

घाटाच्या दोन्ही कडांचे असे भाग पाडावेत की एका भागात साधारण दीडशे माणसे येतील. तीन हजार माणसांसाठी असे वीस भाग होतात. प्रत्येक भागाला दोन मुले द्यावीत, म्हणजे चाळीस स्वयंसेवक झाले. दोघांपैकी एकाच्या हातात तोटी असलेला दहा लिटरचा कॅन असावा आणि दुसऱ्याकडे कागदी पेले व कचऱ्याची पिशवी. एका फेरीत माणशी एक पेला, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर धरले, तर दीडशे माणसांना तीस लिटर लागतात. कॅन तीनदा भरावा लागतो आणि सवय झाली की फेरी अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण होते. भागाच्या मागच्या बाजूला वीस लिटरचे दोन-तीन जार सावलीत ठेवले तर टाकीपर्यंतची धावाधाव वाचते.

या मुलांना एक वाक्य शिकवावे. "पाणी हवे का?" असे विचारले तर निम्मी माणसे मानेने नको म्हणतात, कारण त्यांची नजर निशाणाकडे असते. न विचारता पेला हातात द्यावा आणि "काका, एवढं घ्या" असे म्हणावे. माणूस पितो. आमच्या घाटावर फक्त एवढा बदल केल्यावर त्याच तासात कॅन दुप्पट वेळा भरावे लागले, हे मी स्वतः पाहिले आहे. साठीच्या पुढची माणसे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले आपल्या भागात कुठे बसली आहेत हे पहिल्याच फेरीत लक्षात ठेवायला सांगावे व पुढच्या प्रत्येक फेरीची सुरुवात त्यांच्यापासून करायला लावावी. वयस्क माणसांना तहान उशिरा जाणवते, त्यामुळे "मला तहान नाही" या त्यांच्या उत्तरावर विसंबू नये.

स्वयंसेवकही माणसेच आहेत. दर दोन तासांनी जोडी बदलावी, प्रत्येकाला टोपी किंवा पंचा द्यावा आणि वाटणाऱ्याने स्वतः पहिला पेला प्यावा असा नियमच करावा.

साखळीला बांधलेला एकच स्टीलचा पेला घाटावर नको. रिकामे पेले आणि बाटल्या घाटात भिरकावल्या जाणार नाहीत याकडे कडक लक्ष द्यावे, कारण पळत्या बैलाच्या पायाखाली बाटली आली तर काय होईल हे सांगायला नको. लोकांनी घरूनच भरलेली बाटली आणावी असे यात्रेच्या पत्रिकेवर, गाडामालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि फ्लेक्सवर ठळकपणे लिहावे. फ्लेक्सवर बक्षिसांच्या रकमेला जेवढी जागा मिळते तेवढी नको, तिच्या चौथाई मिळाली तरी पुरे.

काय प्यावे आणि काय टाळावे

साधे पाणी हाच पाया आहे. परंतु घामावाटे मीठही जाते, आणि तासन्तास घाम गाळून नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातले मीठ पातळ होऊन डोके जड होणे, मळमळणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून दुपारी एकदा तरी मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कोकम सरबत किंवा कैरीचे पन्हे सर्वांना मिळेल अशी सोय करावी. आपल्याकडे अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान देण्याची रीत आहे, चैत्रात पाणपोई घालण्याची रीत आहे. गावातल्या चार-पाच कुटुंबांनी एकेका पेयाचा खर्च उचलावा असे सुचवले, तर देणगीदार मिळायला वेळ लागत नाही.

ओआरएसची पाकिटे उपचाराच्या ठिकाणी भरपूर ठेवावीत. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी मिसळायचे असते. अर्धे आज, अर्धे उद्या, किंवा पेलाभर पाण्यात चमचाभर, असे करू नये. तयार केलेले द्रावण २४ तासांत संपवावे किंवा ओतून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे. मिठाचे प्रमाण चवीवर सोडू नये. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेये ओआरएसची जागा घेत नाहीत.

दारू पिऊन उन्हात बसणे हे संकटाला बोलावणे आहे, आणि यात्रेत ते घडते, म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. दारूने लघवी वाढते, शरीरातले पाणी घटते आणि ऊन लागल्याची लक्षणे दारूच्या नशेत झाकली जातात. बर्फाच्या गोळ्याच्या गाड्यांवर कोणता बर्फ येतो ते समितीने पाहावे. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग मिसळण्याचा नियम आपल्या राज्यात आहे, तो बर्फ सरबतात जाता कामा नये. तोच निळा बर्फ ऊन लागलेल्या माणसाचे अंग थंड करायला मात्र पूर्णपणे चालतो, तेव्हा दोन-तीन लाद्या भुशात गुंडाळून उपचाराच्या ठिकाणी ठेवाव्यात.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांचे अंगातले पाणी लवकर कमी होते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांना तर अशा उन्हात भरपूर पाणी पिण्याचा मार्गही मोकळा नसतो. अशांनी घरी थांबावे किंवा सायंकाळी यावे हेच उत्तम, आणि आले तर सावलीतच बसावे.

ज्या गोष्टीमुळे स्त्रिया पाणी पीत नाहीत

या मुद्द्यावर मला समित्यांशी सर्वांत जास्त बोलावे लागले आहे. यात्रेला माहेरवाशिणी येतात, गाडामालकांच्या घरच्या स्त्रिया येतात, आता अनेक मुली हौसेने शर्यत पाहायला येतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जणी सकाळपासून पाण्याला हात लावत नाहीत. कारण एकच असते, जायला जागा नसते. उसाच्या फडात जावे तर चहूकडे पुरुषांची वर्दळ, आणि गावातले घर दीड किलोमीटरवर. आपण कितीही कॅन फिरवले तरी ती बाई पेला पुढच्याला देऊन टाकते.

म्हणून स्वच्छतागृह हे पाण्याच्याच खात्यात धरावे आणि त्याचा खर्च पाण्याच्या अंदाजपत्रकात मांडावा. फिरती स्वच्छतागृहे भाड्याने मिळतात. ती परवडत नसतील तर बांबू, पत्रा आणि जाड कापड वापरून आडोसे उभारता येतात, परंतु आत पाण्याचा पिंप, मग, साबण, कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि दाराला आतून कडी हवीच. जागा स्त्रियांच्या बसण्याच्या भागापासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर असावी, वाट पुरुषांच्या गर्दीतून जाऊ नये आणि तिथे बचत गटातल्या दोन जणींनी आलटून पालटून थांबावे. त्यांना त्या दिवसाचा मोबदला द्यावा. निवेदकाने ही सोय कुठे आहे हे इतर सूचनांसारख्याच साध्या आवाजात दर तासाला सांगावे. एका वर्षी आम्ही उत्तम सोय केली, पण लाजेपोटी ती जाहीरच केली नाही, आणि दुपारपर्यंत ती रिकामीच राहिली.

सावली

आपल्या भागात शेडनेटची शेती करणारे पुष्कळ आहेत. जुने, काढून ठेवलेले हिरवे नेट मागितले तर मिळते आणि कापडी मांडवापेक्षा घाटासाठी ते अधिक चांगले, कारण त्यातून वारा खेळतो. चारही बाजूंनी बंद केलेल्या मांडवात सावली असली तरी हवा कोंडते. नेट दहा-बारा फूट उंच बांधावे आणि पश्चिमेच्या अंगाला ते तिरके खाली घ्यावे, म्हणजे तीननंतरचे ऊन अडते. खांब खोल गाडावेत व दोर पक्के ताणावेत, वैशाखातला वळवाचा वारा क्षणात सगळे उचलून नेतो. सर्व घाटाला सावली करणे शक्य नसते, म्हणून निदान ज्येष्ठांसाठी आणि लहान मुले घेऊन आलेल्यांसाठी, जिथून निशाण दिसते अशा ठिकाणी एक-दोन मोठ्या सावल्या कराव्यात. निशाण दिसत नसेल तर तिथे कोणी बसणार नाही.

टेम्पोच्या टपावर बसू देऊ नये. पत्रा तापलेला असतो आणि भोवळ आली तर माणूस थेट खाली येतो. घाटाच्या अगदी कडेला उभ्या असलेल्यांचेही तसेच आहे, चक्कर आलेला माणूस बहुधा पुढे कोसळतो आणि पुढे घाट असतो, तेव्हा अडथळ्याची दोरी कडेपासून पुरेशी मागे हवी. बंद गाडीत झोपलेले मूल किंवा म्हातारे माणूस दिसले तर गाडीचा मालक सापडेपर्यंत थांबू नये. बंद गाडीतली हवा काही मिनिटांतच जीवघेणी तापते.

कोणी अंगावर पाण्याचे तुषार मारण्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप घेऊन येईल. हेतू चांगला असतो, पण त्या पंपातून शेतात औषध मारलेले असते आणि धुतल्यावरही त्याचा अंश राहतो. नवा, कोरा पंप असेल तरच वापरावा.

निवेदकाशी आधी बोलावे

घाटावर ज्याचा आवाज चालतो तो निवेदक असतो. समितीच्या अध्यक्षांचे कोणी ऐकणार नाही, पण माइकवरून सांगितलेले हजारो माणसे ऐकतात. त्याच्या हातात चार ओळींचा कागद द्यावा आणि दर पाचव्या-सहाव्या बारीनंतर त्या ओळी म्हणायला सांगाव्यात. "मंडळी, पुढची बारी जुंपायच्या आधी सगळ्यांनी पाणी प्यायचं आहे. शेजारी कोणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांच्या हातात पेला द्या, त्याशिवाय निशाण पडणार नाही." असे एका निवेदकाने म्हटले आणि खरोखरच दोन मिनिटे घाट थांबवला, तेव्हा दोन्ही दरडींवर एकाच वेळी हजारभर हात बाटल्यांकडे गेले. एवढ्या मोठ्या कामाला चाळीस स्वयंसेवकांना अर्धा-पाऊण तास लागला असता.

ऊन लागलेला माणूस ओळखणे

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्या घाटावर बांधाच्या दगडावर एक आजोबा सकाळी नऊपासून बसले होते. धोतर, पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. दोनच्या सुमारास ते शेजारच्यांशी तुटक, असंबद्ध बोलू लागले आणि टोपी काढून पुन्हा पुन्हा मांडीवर आपटू लागले. पोरांना वाटले, घेतली असेल. कोणी हसले, कोणी मोबाइल काढला. आमच्या गावच्या आशाताई (आशा आरोग्य कार्यकर्त्या) तिथून जात होत्या, त्यांनी आजोबांच्या मानेला हाताची मागची बाजू लावली आणि लगेच ओरडल्या. अंग चटका बसावा असे तापले होते आणि काखेत घामाचा टिपूसही नव्हता. उचलून नेटखाली आणले, सदरा काढला, जारच्या जार अंगावर ओतले, दोघांनी फ्लेक्सच्या तुकड्याने वारा घातला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी आपल्या मुलाचे नाव सांगितले होते. ते वाचले. त्यांना पिऊन पडलेला माणूस समजून आणखी अर्धा तास तसेच ठेवले असते तर ते वाचले नसते, हे डॉक्टरांनी नंतर आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले.

दोन अवस्था वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिलीत माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो, पण त्याला खूप घाम येतो, गरगरते, मळमळते, डोके दुखते, पोटरीत गोळे येतात. त्याला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, ओल्या पंचाने अंग पुसावे आणि ओआरएस घोटाघोटाने द्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखान्यात न्यावे. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात बसू देऊ नये.

दुसरी अवस्था म्हणजे उष्माघात. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो. बरळणे, चिडणे, तोल जाणे, झटके येणे, बेशुद्ध होणे ही खूण आहे. घाम आहे की नाही यावर अडून राहू नये, काहींना घाम असतानाही उष्माघात होतो. बोलण्या-वागण्यात बदल आणि तापलेले अंग, एवढे पुरेसे आहे. त्याच क्षणी एकाने १०८ ला फोन लावावा आणि बाकीच्यांनी थंड करायला सुरुवात करावी. सर्व अंगावर पाणी ओतत राहावे, जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. रुग्णवाहिकेची वाट पाहत नुसते बसू नये आणि थंड करणे सोडून मोटारसायकलवर मधे बसवून पळवूही नये. आधी थंड करणे, मग हलवणे हा क्रम आहे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, साखर, ओआरएस काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. नाकाशी कांदा धरण्यात जी मिनिटे जातात ती पाणी ओतण्यात घालवावीत.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आठवडाभर आधी लेखी कळवावे. उन्हाळ्यात अनेक केंद्रांत उष्माघात कक्ष असतो. तो किती वाजेपर्यंत सुरू आहे आणि सलाइन व बर्फ यांची सोय आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. गावातल्या आशाताई, आरोग्यसेवक आणि परिचारिका यांना सन्मानाने बोलावून उपचाराच्या ठिकाणी बसवावे.

रुग्णवाहिकेची वाट

बैल घेऊन आलेले टेम्पो जागा दिसेल तिथे उभे राहतात आणि अकरापर्यंत शिवारातली वाट बंद होते. फाट्यापासून उपचाराच्या ठिकाणापर्यंत वाटेची एक बाजू चुना मारून आणि दोरी लावून मोकळी ठेवावी, त्यावर दोन माणसे दिवसभर उभी करावीत आणि त्यांना तिथून हलू देऊ नये. १०८ वर बोलताना गावाचे नाव, फाट्याचे नाव आणि जवळची मोठी खूण सांगावी. फाट्यावर एक जण मोटारसायकल घेऊन थांबावा, म्हणजे तो पुढे आणि रुग्णवाहिका मागे, असे थेट पोहोचता येते. लहान मुलांच्या तळहातावर किंवा मनगटावर घरच्यांचा फोन क्रमांक पेनाने लिहून ठेवायला पालकांना सांगावे. हरवलेले मूल रडत उन्हात फिरते आणि ते सर्वांत लवकर कोमेजते.

संध्याकाळ

अंतिम बारी झाली, गुलाल उधळला की पाणी वाटणारी मुले कॅन टाकून मिरवणुकीत जातात. त्यांना आधीच बजावून ठेवावे. दिवसभर बसलेली माणसे एकदम उठतात, रक्तदाब खाली येतो आणि वयस्क माणसांना त्याच वेळी भोवळ येते. शेवटची फेरी निशाण पडण्यापूर्वीच पूर्ण करावी, निवेदकाकडून "हळू उठा, आधी पाणी प्या" असे सांगून घ्यावे आणि वाहनतळाकडे जाणाऱ्या वाटेवर एक भरलेली टाकी तोटीसह ठेवावी. घरी परतणाऱ्यांना वाटेत दोन-तीन तास लागतात, त्यांनी बाटली तिथे भरून घ्यावी. शेवटचा टेम्पो फाट्यावरून वळेपर्यंत ती टाकी उचलू नये.

मग वही काढावी आणि त्याच रात्री लिहावे: किती टँकर लागले, कोणत्या भागात पाणी कमी पडले, किती जणांना भोवळ आली, ती किती वाजता आणि घाटाच्या कोणत्या अंगाला. नकाशावर तिथे तांबडी खूण करावी आणि वही पुढच्या वर्षी ज्याला "पाण्याचं तू बघ" असे सांगितले जाईल त्याच्या हाती द्यावी.